माझ्या मित्राचे डोळे आणि माझे

वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची सवय मला त्याच्यामुळे लागली, आणि ती अजून सुटलेली नाही. घरातली माणसं म्हणतात, मनात वाचा, आम्हाला नकोत तुमच्या बातम्या. मी थोडा वेळ मनात वाचतो. मग केव्हातरी ओठ हलायला लागतात आणि लक्षात येतं की समोर ऐकणारं कोणी नाही.

तो माझा मित्र होता आणि कामावर माझ्या हाताखालचा माणूसही होता. ही दोन नाती एका वेळी सांभाळणं मला साधलं नाही.

साठ साल उलटून गेलं होतं. कपाशीवर विमानातून औषध फवारायचं तेव्हा नवीनच निघालं होतं. मुंबईच्या एका कंपनीनं आमच्या वऱ्हाडात हे काम घेतलं आणि अकोला आणि अमरावतीच्या मधे, मूर्तिजापूरच्या अलीकडे, एका माळावर विमानं उतरवायची पट्टी केली. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी उभी राहत नाही, तिथं विमान कुठलं? म्हणून मुरमाचा उंचवटा शोधला होता. मी अकोल्याचा, थोडं इंग्रजी बरं, हिशेब बरा, म्हणून मला त्या तळाचा मॅनेजर केलं. दोन लहान विमानं, त्यांचे दोन पायलट, एक मेकॅनिक, औषध कालवणारे मजूर आणि तो.

तो अमरावतीचा. महायुद्धाच्या काळात लष्करी विमानतळावर बिनतारीच्या खोलीत काम केलेला, त्याचं लायसन असलेला. लग्न केलं नव्हतं. हंगाम संपला की अमरावतीला विधवा थोरल्या बहिणीकडे जाऊन राहायचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. पायलटांसमोर मला साहेब म्हणायचा आणि ते गेले की लेका.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. पट्टी एक आणि विमानं दोन. एक औषध भरून उडायचं तेव्हा दुसरं रिकामं होऊन परत येत असायचं. कोणी उतरायचं, कोणी थांबायचं, हे तो ठरवायचा. बिनतारीचा संच एकाच विमानात होता आणि तोही रुसायचा, त्यामुळे खरा कारभार झेंड्यांवर चाले. शेतात राखणीला बांधतात तसं बांबूचं उंच मचाण आम्ही पट्टीच्या कडेला बांधलं होतं. त्यावर तो एक लाल आणि एक हिरवा झेंडा घेऊन बसायचा. मुंबईच्या कागदांवर त्या मचाणाला कंट्रोल टॉवर म्हणत. आम्ही मचाणच म्हणायचो.

आणखी एक गोष्ट होती. विहीर पट्टीच्या एका अंगाला आणि औषधाच्या टाक्या दुसऱ्या अंगाला. पाण्याची पिंपं बैलगाडीतून पट्टी ओलांडून यायची. गाडीवान जवळच्याच गावचा, उंच, तोंडाचा फटकळ. त्यानं मचाणाखाली गाडी थांबवायची, वर बघायचं, हिरवा झेंडा हलला की पलीकडे जायचं. पहिल्याच दिवशी त्यानं मला ऐकवलं होतं, "साहेब, तुमच्या इमानाले पाणी पाजा लागते, माया बैलायलेही लागते. पण माये बैल पाणी पिऊन एवढा कांगावा नाई करत."

माझा मित्र विमानं कानानं ओळखायचा. दोन्ही इंजिनांचे आवाज त्याला वेगळे ऐकू यायचे, इतकंच नव्हे तर कोणतं कुठून येतंय, रिकामं की भरलेलं, हेही तो सांगायचा. आम्हाला क्षितिजावर ठिपकासुद्धा दिसत नसायचा आणि हा मचाणावरून म्हणायचा, दोन नंबर आला, उगवतीकडून. थोड्या वेळानं दोन नंबर उगवतीकडूनच यायचा. पायलट खूष. मुंबईहून साहेब आले तेव्हा मीच त्यांना कौतुकानं हे दाखवलं होतं. तेही हसले. हा तर वर बघतसुद्धा नाही, तुमचा विमानतळ कानावर चालतो, असं काहीतरी म्हणाले.

संध्याकाळी मजूर गावाकडे जायचे, पायलट जीप घेऊन मूर्तिजापूरला. माळावर आम्ही दोघंच उरायचो. आमच्या टिनाच्या खोल्यांपुढे तो तुराट्या पेटवून भुईमुगाच्या ओल्या शेंगा भाजायचा आणि मी दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र त्याला वाचून दाखवायचो. तो प्रत्येक बातमीवर बोलायचा. बाजारभाव आला की म्हणायचा, "हे नको वाचू, याच्यात शेतकरी खूष आहे असं कधी आलंच नाई." उन्हं उतरल्यावर माळावरचा मुरूम तांबूस दिसायचा, खाली चहूकडे कपाशी, आणि वाऱ्यावर औषधाचा उग्र वास. तो वास आता कुठं आला तर लोक नाकाला रुमाल लावतात. मी थांबतो.

का कोण जाणे, तो कधी स्वतः वर्तमानपत्र हातात घेत नाही हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. मग बाकीचं दिसायला लागलं. चहा ओतताना तो कपाच्या काठावर बोट ठेवायचा. माझ्याकडे बघताना मान थोडी वळवून, माझ्या कानाकडे बघितल्यासारखं बघायचा. एका संध्याकाळी मी वाचता वाचता थांबलो आणि विचारलं. त्यानं शेंगा उलथायचं थांबवलं नाही.

"कडेकडेचं दिसते," तो म्हणाला. "मधातलं नाई. तुया तोंडाच्या जागी धुकं हाये. मागच्या सालपासून हाये."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यानंच पुढं सांगितलं की तो मुंबईला कळवून टाकणार आहे, हे काम आता त्याचं नाही, अमरावतीला बहिणीकडे जाऊन राहील.

इथं माझ्यापुढे रस्ता सरळ होता. मी मॅनेजर होतो. त्या मचाणावर कोण बसावं याची जबाबदारी माझी होती, आणि तो माणूस स्वतः उतरायला तयार होता. मी म्हटलं, "हंगामापुरता थांब. दोन महिने. तुझा कान आहे ना?"

हे मी कंपनीसाठी म्हटलं, असं पुढं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. भर हंगामात दुसरा लायसनवाला कुठून आणणार, कपाशी काय थांबणार आहे? ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. तो गेला असता तर मुंबईहून कोणीतरी पाटलूणवाला आला असता, संध्याकाळी पायलटांबरोबर जीपमधून मूर्तिजापूरला गेला असता, आणि मी त्या माळावर एकटा राहिलो असतो. मला त्याची सोबत हवी होती. मी बऱ्याच वयापर्यंत एकटा राहिलेला माणूस आहे, मित्र मला सहज मिळाले नाहीत.

तो थांबला. माझ्या शब्दाखातर थांबला.

त्यातच लायसनसाठी डोळे तपासल्याचा दाखला मागवणारं फर्मान मुंबईहून आलं. तेव्हाही मी मागे फिरू शकलो असतो. उलट मीच युक्ती काढली. आधी मी अकोल्याला गेलो आणि मला चष्मा लागलाय का बघा म्हणून दाखला देणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माझे डोळे तपासून घेतले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ केला. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन एसटीनं निघालो आणि वाटभर ती अक्षरं त्याच्याकडून घोकून घेतली. तो डोळे मिटून पुटपुटत होता. पलीकडच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं हा जप करतोय. त्यांनी त्याला विचारलं, कोणत्या महाराजांचे तुम्ही? आम्हा दोघांना हसू आवरेना.

डॉक्टर भले होते, गर्दी होती, त्यांनी दाखला दिला. आम्ही बाहेर पडलो, एका हॉटेलात भजी खाल्ली, मी अजून हसतच होतो. त्याचं हसणं थांबलं होतं. म्हणाला, "लेका, हे काई बरं नाई केलं आपण."

आपण म्हणाला. दुसरा कोणी असता तर 'तू' म्हणाला असता, कारण घोकलं होतं त्यानं, पण शिकवलं होतं मी.

ती सकाळ दसऱ्यानंतरची. वारा उठायच्या आत जितक्या फेऱ्या होतील तितक्या करायच्या म्हणून दोन्ही विमानं भराभर जात-येत होती. पट्टीच्या शेजारच्या शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवर नवीन ऑइल इंजिन बसवलं होतं आणि नेमकं त्या दिवशी ते पहिल्यांदा सुरू केलं. धक्-धक् असा जमिनीतून येणारा आवाज. गावातली पोरं बघायला जमली होती. मलाही ते पाहून बरं वाटलं, पाणी लागलं म्हणजे रब्बी साधणार. मचाणावर बसलेल्या माणसाचे डोळे म्हणजे त्याचे कान आहेत आणि त्या कानांत आता ते इंजिन बसलंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी टाक्यांजवळ उभा होतो. गाडीवान मचाणाखाली गाडी थांबवून वर बघत होता. आणि मावळतीकडच्या बाभळींवरून मला दोन नंबरचं विमान दिसलं, अगदी खाली आलेलं, उतरायच्या बेतानं.

मला ते दिसत होतं. मी ओरडू शकलो असतो. टाकीजवळ एक जादा लाल झेंडा कायम ठेवलेला असायचा, तो उचलू शकलो असतो. मी मनात म्हटलं, त्याला ऐकू आलंच असेल. इतक्या दिवसांत मी स्वतः बघायचंच सोडून दिलं होतं.

हिरवा झेंडा हलला. गाडी पट्टीवर आली.

पायलटनं विमान वर खेचलं म्हणून तो स्वतः वाचला आणि गाडीवानही जिवानं वाचला. चाक एका बैलाला लागलं, गाडी उलटली, पाण्यानं भरलेली पिंपं गाडीवानाच्या पायावर आली. तो बैल जागीच गेला. माझा मित्र मचाणावरून उतरून आवाजाच्या रोखानं धावत होता आणि वाटेत पडलेल्या पिंपाला अडखळून पडला. सगळ्यांनी ते बघितलं. पिंप मोठं होतं, उन्हात लखलखत होतं.

गाडीवानाला जीपमधून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तीन-चार दिवसांनी मी भेटायला गेलो. मोसंबी घेऊन गेलो होतो, ती कुठं ठेवावीत ते मला कळेना. त्याची बायको उशाशी बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीवान छताकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यायले दिसत नोतं, हे आमाले ठावं होतं. साऱ्याच माणसायले ठावं होतं. पण तुमाले त दिसत होतं ना, साहेब?"

मी म्हटलं, विश्रांती घे. मोसंबी खाटेखाली ठेवून निघालो.

चौकशीला मुंबईचे साहेब आणि सरकारी खात्याचे एक अधिकारी आले. आदल्या दिवशी साहेबांनी मला जीपमध्ये शेजारी बसवलं आणि त्यांच्या शांत पद्धतीनं समजावलं. दोन माणसं कशाला बुडवायची? जबाबदारी एकाची ठरली की काम पुढं चालतं. विमानतळ कानावर चालतो याचं कौतुक त्यांनीही केलं होतं, ते त्यांना आठवत होतं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं.

माझ्या टिनाच्या खोलीत टेबल मांडलं होतं. तो माझ्या समोर बसला होता, मान किंचित वळवून. अधिकाऱ्यांनी डोळ्यांच्या दाखल्यावर बोट ठेवून मला विचारलं, या माणसाला दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का?

मी म्हणालो, "नाही."

 मग तोच बोलला. अधिकाऱ्यांकडे तोंड करून, शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलला, जी मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "साहेबांना मी कधी कळू दिलं नाही. दाखलाही मीच फसवून घेतला."

त्याचं लायसन गेलं. पुन्हा कुठं अशा कामावर राहणार नाही असं लिहून घेतलं. मला पुढच्या हंगामात नागपूरच्या बाजूला मोठा तळ मिळाला. मुंबईच्या साहेबांचं तर नावही कुठं आलं नाही. माळ सोडून जाताना तो माझ्या खोलीशी आला नाही, आणि मी त्याच्या खोलीशी गेलो नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघत बसलो, दार उघडं ठेवून.

मोठ्या तळावर मी दोन हंगाम काढले. प्रत्येक सकाळी सगळ्यांच्या आधी पट्टीवरून पायी चालत जायचो, मचाणावर स्वतः चढायचो, तिथल्या माणसाला वर्तमानपत्र वाचायला द्यायचो आणि तो कसं वाचतो ते बघायचो. लोक मला चक्रम म्हणत. मग मी ती नोकरी सोडली. खात्याच्या कचेरीत गेलो, खरं काय ते सांगायला. तिथल्या अधिकाऱ्यांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाले की ते प्रकरण मिटलेलं आहे, आता ते उघडून कोणाचं भलं होणार? शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला चहा मिळतो, हे मला तेव्हा कळलं.

मग मी अमरावतीला त्याच्या बहिणीच्या घरी गेलो. बाई दारातच उभ्या राहिल्या. आत जाऊन आल्या आणि त्यांनी निरोप सांगितला, "तो म्हणते, माह्याकडे काय येता? ज्याचा पाय गेला त्याच्याकडे आधी जाऊन या."

मी गेलो. गाडीवान आता गावात घराच्या ओट्यावर बसून अंबाडीचे दोर वळत असे. त्यानं मला ओळखलं, बाज पुढं केली. मी त्याला सगळं सांगितलं, तक्ता पाठ केल्यापासून टाकीजवळच्या लाल झेंड्यापर्यंत. त्याचे हात वळत राहिले.

"मले सांगून काय होते?" तो म्हणाला. "मले त माईतच होतं. चार लोकांत सांगा. तवा तुमी चार लोकांतच नाई म्हणाले होते."

त्याच्या धाकट्या भावानं माणसं बोलावून आणली. चावडीजवळच्या लिंबाखाली मी उभा राहिलो आणि बोललो.   कोणी शिवी दिली नाही, कोणी शाबासकी दिली नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मंग त्या झेंडेवाल्या मास्तरचं लायसन तुमी परत आणून देऊन राहिले काय? ते माझ्या हातात नाही म्हटल्यावर तो उठून गेला. गाडीवान मला एवढंच म्हणाला, "आता जा तुमी त्यायच्याकडे. माह्याकडून काई अडवणूक नाई."

मी पुन्हा अमरावतीला गेलो, आणि या वेळी त्याच्या बहिणीनं मला आत नेलं. तो मधल्या खोलीत खाटेवर बसला होता. आता कडेचंही त्याला फारसं दिसत नव्हतं, हे मला आल्या आल्या कळलं. केस पांढरे झाले होते. मी सांगितलं, मी गावात काय केलं ते. त्यानं विचारलं, गाडीवानाचा पाय दुखतो का थंडीत? मी म्हटलं दुखतो. घरी पोरं किती? ते मला ठाऊक नव्हतं. तो जरा हसला, ठाऊक नसल्याबद्दल.

मला वाटत होतं तो रागावेल, किंवा जवळ घेईल. त्यातलं काहीच झालं नाही. बहिणीनं चहा आणला. आम्ही पावसाबद्दल बोललो. मग तो म्हणाला, "बरं केलं तू. मनापासून सांगतो, बरं केलं. पण आता येत नको जाऊ."

कारण त्यानंच सांगितलं.

"तू आला की मले ते मचाण दिसते. बाकी आता काहीच दिसत नाई, तेवढंच साफ दिसते. मी वरती, हातात हिरवा झेंडा. तुया हिस्सा तू सांगून आला. माया हिस्सा मलेच पाहा लागते, आन् तू बसलेला असला त मले तुयावर ढकलावा वाटते."

मी उठलो. पायांत चपला घालायला मला वेळ लागला. त्यानं हात पुढं केला नाही, मीही केला नाही.

त्याचं ते ऐकलं पाहिजे हे मला पटतं. आयुष्यात एकदा तरी त्याच्या मनाप्रमाणे व्हावं. मी आता कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या कामावर आहे आणि महिन्यातून एकदा अकोल्याहून नागपूरला जावं लागतं. गाडी बडनेऱ्याला थांबते. पलीकडच्या फलाटावर अमरावतीची लहान गाडी उभी असते, दारं उघडी, निम्मी रिकामी, माणसं सावकाश चढत असतात. पूल ओलांडून जायला वेळ पुरेसा असतो. मी खिडकीशी बसून ती सुटेपर्यंत तिच्याकडे बघतो. तीच बहुधा आधी सुटते.